जाळं वर आहे तोवर

"कड्यापुढे उभं राहून बोलायचं नसतं. आधी आडवं व्हायचं."

असं म्हणून डॉक्टर खरोखर आडवे व्हायचे. टाय, स्वेटर, हॉस्पिटलचे काळे बूट, सगळ्यासकट. चष्मा कपाळावर चढवायचा, दुर्बीण हातात घ्यायची, गवताला पोट टेकायचं आणि कोपरांवर सरकत हनुवटी काठापर्यंत न्यायची. वाटेवरून कुत्री फिरवणारी माणसं थबकायची. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला एक भारतीय माणूस समुद्रावरच्या कड्याशी पालथा पडलेला दिसला असता तर तुम्हीही थबकला असता. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी मला हळूच विचारलं, "यांना बरं वाटत नाहीये का? डॉक्टर बोलवू?"

"मीच डॉक्टर आहे," डॉक्टर खालूनच म्हणाले, "आणि मला फार बरं वाटतंय."

ही यॉर्कशरच्या किनाऱ्यावरची गोष्ट. ऐंशीचं दशक संपून नव्वदचं लागलं होतं. मी तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. माझे वडील कॉव्हेंट्रीत कारखान्यात, युनियनचे. आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा पत्रकं जास्त असायची, आणि घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. अशा घरातून आलेल्या मुलीला जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात. डॉक्टर त्यातल्या कुठल्याच प्रकारात बसेनात.

पहिल्या आठवड्यात ते एक रिपोर्ट मागायला लॅबच्या खिडकीशी आले, माझ्या कोटावरची पाटी वाचली आणि सरळ मराठीत म्हणाले, "दमलो गं बाई. तू कुठली?" हे 'दमलो' त्यांचं 'नमस्कार' होतं. जिना चढून आले की दमलो, खुर्चीत बसले की दमलो, चहाचा पहिला घोट घेतला की दमलो. खरंही होतं ते. कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या करून करून त्यांच्या डोळ्यांखाली कायमची सावली बसली होती. कन्सल्टंटच्या एक पायरी खालच्या खुर्चीवर ते वर्षानुवर्षं बसले होते. त्यांनी शिकवलेली पोरं वरून निघून जात होती.

मी तापले. म्हटलं, यावर पत्रक काढते.

"माझ्यावर नको," ते म्हणाले. "रविवारी कड्यावर चल. तिथे कन्सल्टंटांची मोठी कॉन्फरन्स असते, ती दाखवतो."

त्या रविवारी मी पहिल्यांदा आडवी झाले, आणि कॉन्फरन्स पाहिली. पांढऱ्याशुभ्र खडूसारख्या खडकाचा सरळसोट कडा, खाली हिरवट समुद्र, आणि कड्याच्या प्रत्येक कपारीवर खांद्याला खांदा लावून उभे असलेले पक्षी. पाठ काळी, पोट पांढरं. काळा कोट, पांढरा शर्ट. मधूनच माना वाकवून एकमेकांना अभिवादन करत होते, मधूनच शेजाऱ्याला टोच मारत होते. वास तर असा की डोळ्यांतून पाणी आलं.

"हे गिलेमॉट," डॉक्टर म्हणाले. "घरटं बांधत नाहीत. उघड्या दगडावर एकच अंडं. ते टोकाला निमुळतं असतं, त्यामुळे घरंगळलं तर गोल फिरतं, खाली पडत नाही, असं इथली जुनी माणसं सांगतात. जागा एवढीच, वीतभर. त्यासाठी एवढी भांडणं. आमच्या डिपार्टमेंटसारखंच."

डॉक्टर मूळचे जुन्नरकडचे. मेडिकलला असताना रविवार सह्याद्रीत काढलेला माणूस. विलायतेत आधी ग्लासगो, मग आणखी कुठे कुठे, आणि शेवटी हे गाव. इंटरव्ह्यूला वेळ होता म्हणून चालत चालत कड्यापर्यंत आले आणि तिथेच मनात नोकरी पक्की करून टाकली. मग त्यांनी सगळा किनारा मराठीत वाटून घेतला. समुद्रात एकटाच उभा असलेला खडकाचा खांब म्हणजे सुळका. लाटांनी आरपार भोक पाडलेली भिंत म्हणजे नेढं. पाणी उतरतं ती घळ. कॅज्युअल्टीच्या सिस्टरला इतकी सवय झाली होती की फोनवर ती बिनदिक्कत सांगायची, "डॉक्टर नेढ्यावर गेलेत. तासाभरात येतील."

डॉक्टरांच्या पत्नी, म्हणजे काकू, मात्र त्यांच्याबरोबर कधी कड्यावर आल्या नाहीत. त्या गावातल्या शाळेत गणित शिकवायच्या आणि डॉक्टरांच्या पक्षिप्रेमाचा हिशोब त्यांना कधी पटला नाही. डॉक्टर दारात आले की आतून आवाज यायचा, "आधी तो स्वेटर बाहेर! मग आत."

"अगं, वास नाही येत."

"तुम्हाला नाही येत. तुम्ही त्यांच्यातलेच झालात. त्या पक्ष्यांना वेळ आहे, पडद्याचा रॉड लावायला नाही."

मी हसायची. काकू मला पिठलं वाढायच्या आणि म्हणायच्या, "हसू नकोस. तुझं लग्न झालं की कळेल." मी म्हणायची, मी लग्न करणार नाही. त्या म्हणायच्या, "तेही बरंच."

आता जाळ्याबद्दल सांगायला हवं.

कड्याच्या पायथ्याशी काही कोळी साल्मन आणि सी-ट्राउट पकडायला जाळी लावत. किनाऱ्यापासून सुरू होऊन समुद्रात आत जाणारी जाळ्याची उभी भिंत, वर तरंगत्या बोयांची रांग. रीतसर परवान्याची, बापाकडून मुलाकडे आलेली. गिलेमॉट मासे धरायला पाण्याखाली उडतात. होय, उडतात, पंखांनीच. पाण्यात त्यांना जाळं दिसत नाही. अडकले की बुडून मरतात. भरती ओसरली की वाळूत त्यांची भिजलेली कलेवरं पडलेली असायची. जवळून पाहिलं की पाठ काळी नसते, गडद तपकिरी असते, हे मला तिथे कळलं.

आणि सगळ्यात वाईट काळ असायचा जूनअखेरीचा, जुलैच्या सुरुवातीचा. तेव्हा पिल्लं उडी मारतात.

ते एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं, मुठीएवढं. पंख फुटलेले नाहीत, उडता येत नाही. संध्याकाळचा उजेड मंदावायला लागला की बाप खाली पाण्यात उतरतो आणि हाका मारायला लागतो. वर पिल्लू कपारीच्या टोकाशी येतं, मागे सरतं, पुन्हा येतं. खाली एवढी खोली. बाप ओरडतोच आहे. मग पिल्लू स्वतःला सोडून देतं. खडकावर आपटतं, उसळतं, पाण्यात पडतं आणि बापाच्या आवाजाकडे पोहायला लागतं. मग दोघंच, सरळ खोल समुद्राकडे. आई मागे कपारीवरच राहते बरेच दिवस, रिकामी जागा राखत.

"सगळ्यात दमलेला प्राणी बघ तो," डॉक्टर बापाकडे दुर्बीण रोखून म्हणायचे. "आता याला सुट्टी नाही. पोराला उडता येईपर्यंत भरवत भरवत पोहायचं."

कड्यावरून सुखरूप उतरलेली ही जोडी थेट जाळ्याच्या रांगेवर जायची.

मी पत्रक लिहिलं. आवेशात लिहिलं. मथळ्यात 'खुनी' हा शब्द होता. वाटण्याआधी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा खाली घेऊन वाचलं, खिशातून पेन काढलं आणि तो एक शब्द खोडला.

"का?" मी म्हटलं. "ते खुनी नाहीत?"

"त्यातल्या प्रत्येकाचा रक्तदाब मला माहीत आहे," ते म्हणाले. "खुन्याचा इतका वाढलेला नसतो. तो निवांत असतो."

"डॉक्टर, हा विनोदाचा विषय नाही."

"नाहीच आहे. म्हणून तर शब्द काढायला सांगतोय. बाकीचं वाट. चांगलं लिहिलंयस."

मी शब्द काढला नाही. कोळ्यांच्या धक्क्यावर जाऊन पत्रकं वाटली, तेव्हा एकाने ते घेऊन त्यात तळलेला मासा गुंडाळून मला परत दिला. जाळ्यांवर कायद्याने बंदी हवी, आणि ती कोणाच्या मर्जीवर नसावी, असं मी तेव्हा म्हणत होते. आजही म्हणते.

डॉक्टर कायदा मागत नव्हते. त्यांना फार थोडं हवं होतं. पिल्लं उड्या मारतात तेवढे दिवस, तेवढंच, जाळं वर काढून ठेवावं. पायथ्याचं सगळ्यात मोठं जाळं अल्फचं होतं, आणि अल्फने काढलं तर बाकीचे काढतील हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. अल्फ म्हणजे साठीचा, रुंद, कमी बोलणारा कोळी. एकदा होडी ओढायच्या चरख्यात त्याचा पाय सापडला होता. पाय कापावा लागेल असं सगळे म्हणत होते. डॉक्टरांनी हट्टाने तो वाचवला होता. दर जूनमध्ये डॉक्टर अल्फकडे जायचे, आणि एका वर्षी मीही बरोबर गेले.

अल्फ अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. डॉक्टर शेजारच्या टोपलीवर बसले.

"दमलो," ते म्हणाले. इंग्रजीतसुद्धा तेच.

"तर मग आज विचारू नका, डॉक. दम वाचवा."

"विचारायलाच हवं. पिल्लं यायला लागली."

"आणि ट्राउट? ती यायला लागली नाहीत? तुमची पिल्लं उतरतात त्याच दिवसांत, त्याच संध्याकाळी चांगला मासा लागतो. वर्षभराचा."

"तेवढेच दिवस, अल्फ."

अल्फने सुई खाली ठेवली. "माझा आजा या कड्यावर दोराने उतरायचा. अंडी काढायला. डोक्याला गवत भरलेली टोपी, वरून दगड येतात म्हणून. तेव्हा त्याला कोणी पत्रक दिलं नाही." हे माझ्याकडे बघून. "पण तो एका तारखेनंतर अंड्याला हात लावायचा नाही. शेवटचं अंडं पक्ष्याचं. आम्हालाही कळतं, पोरी. पण आता तेही गेलं. अंडी बंद, कोळसा बंद, हेरिंगची मासेमारी बंद. राहिलं हे जाळं."

"म्हणून पक्ष्यांनी मरायचं?" मी म्हटलं.

"ती काही वाईट नाही," डॉक्टर अल्फला म्हणाले, "तिला वाचून वाचून तसं झालंय."

अल्फ पहिल्यांदा हसला. मग तो डॉक्टरांना म्हणाला, "तुम्ही माझा पाय राखलात. पाय मागा, काढून देतो. जाळं मागू नका."

परत येताना मी चिडले होते. म्हटलं, दर वर्षी असा अपमान करून घ्यायला जाता कशाला?

"अपमान कुठे झाला?" डॉक्टर म्हणाले. "नाही म्हणाला. पुढच्या वर्षी परत विचारू. नाही म्हणतानाही माणूस जरा दमतो, बघ."

पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं की नाही, मला माहीत नाही. बहुधा राहून गेलं असावं. जून संपत आला होता. रात्रपाळी संपवून ते घरी आले, सोफ्यावर बसले, काकू चहा घेऊन बाहेर आल्या तोवर संपलं होतं. काकू नंतर मला म्हणाल्या, "दमलो म्हणालेसुद्धा नाहीत."

त्यांची मुलगी ग्लासगोला डॉक्टर. ती त्याच संध्याकाळी ट्रेनने आली. आणखी कोणाची वाट पाहायची नव्हती, त्यामुळे काकूंचं एकच म्हणणं होतं: उद्याच. फार तर परवा. आपल्यात माणूस असं ठेवत नाहीत. पण इथे माणूस गेल्यावरही रांग असते. अंत्यविधी करून देणाऱ्या कंपनीने क्रिमेटोरियमची जी तारीख दिली, ती पार जुलैत, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. काकू ऐकून भिंतीकडे बघत राहिल्या. "तोवर ते एकटे तिथे? थंड खोलीत?"

हे माझ्या कामाचं होतं. मी फोन धरून बसले. भांडले, विनवलं, धार्मिक हक्कांवर भाषण दिलं, एका साहेबाला वर्तमानपत्राची भीती घातली. दुपारी कळलं, कोणीतरी एक वेळ रद्द केली आहे, परवा सकाळची. संध्याकाळपर्यंत कळवा, तोवर दोन्ही तारखा धरून ठेवतो. मी धावत काकूंकडे गेले.

मी पोचले तेव्हा दारात अल्फ उभा होता. अंगात लग्ना-मयताचा कोट, हातात टोपी. काकू त्याला आत ये म्हणत होत्या, तो उंबऱ्यावरच.

"बूट खराब आहेत, लव्ह," तो तिकडच्या रीतीने म्हणाला. "एवढंच सांगायला आलो. जाळी वर आहेत. सगळ्यांची. आमच्यातलं माणूस गेलं की मातीला जाईपर्यंत आम्ही जाळं टाकत नाही. आमच्या आज्यांपासून तसं आहे. डॉक आमच्यातलेच."

काकूंनी इंग्रजीत सावकाश विचारलं, "म्हणजे अंत्यविधी होईपर्यंत?"

"होईपर्यंत."

"कधीही झाला तरी?"

"कधीही झाला तरी. तो आमचा प्रश्न नाही."

काकू माझ्याकडे वळल्या. मराठीत म्हणाल्या, "त्या पिल्लांच्या उड्या संपतात कधी गं?"

"दोन आठवड्यांत," मी म्हटलं. "बहुतेक सगळी. पण काकू, परवाची वेळ मिळालीये. मी मिळवलीये."

"ती नको म्हणून सांग. आधीची ठेव. ती लांबची."

मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचं मराठी तिकडचंच. "आई, काय बोलते तू? बाबाला एवढे दिवस तिथे ठेवायची? दॅट्स नॉट राइट. तूच म्हणाली, आपल्यात असं नाही करत."

"नाही करत," काकू म्हणाल्या. "आपल्यात कड्यावर पालथंही पडत नाहीत कोणी."

"आई!"

"त्यांना थंडीची सवय आहे, बाळा. इतकी वर्षं त्या वाऱ्यात पडून राहिले. अजून थोडे दिवस राहतील." आणि मग आवाज बारीक करून, "त्या माणसाकडे ते दर वर्षी जायचे. हात हलवत परत यायचे. मी म्हणायची, कशाला जाता. एकदा तरी मिळू दे ना."

आईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती उभी राहिली.

काकूंनी अल्फला तारीख सांगितली. त्याने ती ऐकली. त्याच्या ध्यानात आलं. मी त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होते, त्याच्या लगेच ध्यानात आलं. वर्षाचा चांगला मासा त्या तारखेआधी येऊन जाणार होता. त्याने टोपी हातात एकदा फिरवली.

"राइट, लव्ह," तो म्हणाला. "तोपर्यंत, मग."

कायदा जे करत नव्हता ते असं झालं. हे असं व्हायला नको, असं मला वाटत होतं, आणि झालं म्हणून रडूही येत होतं. दोन्ही खरं होतं.

ते दिवस काकूंना सोपे गेले नाहीत. वेम्बलीहून, पुण्याहून फोन यायचे. "अजून दहन नाही? असं कसं? कोणी खटपट करायला नाही का?" काकू थकलेल्या आवाजात प्रत्येकाला एकच उत्तर द्यायच्या, "इकडे नंबर लागतो हो." माझ्यादेखत एका नणंदेने त्यांना फोनवर पुष्कळ सुनावलं. काकूंनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि भाजी चिरायला बसल्या. त्या गणिताच्या बाई, खोटं बोलताना त्यांचा चेहरा वर्गात चूक पकडली गेल्यासारखा व्हायचा.

गावातही कुरकुर झाली. अल्फचा पुतण्या पबमध्ये म्हणाला म्हणे, की या लोकांना आपला माणूस पुरायलाही इतका वेळ लागतो. अल्फ त्याला म्हणाला, "जाळणार आहेत. आणि तू गप्प बस." जाळी वाळूवर पालथ्या होड्यांशेजारी पडून राहिली.

अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, "मला तिथे ने."

आम्ही कड्यापाशी बाकावर बसलो. त्यांनी पदर नाकाला लावला आणि काही वेळाने काढला. कपारी विरळ झाल्या होत्या. इथे-तिथे एखादी आई उभी. तिकडच्या उन्हाळ्यातला तो लांबलचक उजेड हळूहळू उतरत होता. एकच पिल्लू दिसत होतं, आमच्यासमोरच्या टोकावर, आणि खाली त्याचा बाप ओरडत होता.

"हे का राहिलं?" काकूंनी विचारलं.

"उशिराचं असेल."

"वर्गात एक असतंच असं."

पिल्लू पुढे आलं, मागे गेलं. बापाचा आवाज बसल्यासारखा वाटत होता. काकूंनी माझा हात धरला होता, आणि ते त्यांना माहीत नव्हतं. मग पिल्लू सुटलं. एकदा खडकावर आदळून पांढऱ्या फेसात दिसेनासं झालं. बराच वेळ काहीच नव्हतं. मग दोन ठिपके, एक मोठा, एक लहान, पाण्यावर शेजारी शेजारी आले आणि एरवी बोयांची रांग असते त्या मोकळ्या पाण्यावरून आत आत जाऊ लागले.

काकू ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिल्या.

"उद्या जाळं पडेल परत," त्या म्हणाल्या.

"हो. अल्फ म्हणाला, संध्याकाळच्या भरतीला."

"आणि पुढच्या वर्षीही."

"हो."

वारा सुटला होता. मी म्हटलं, "काकू, सकाळी लवकर निघायचंय. उठू या का?"

"आज नाहीये ना जाळं," काकू म्हणाल्या. "बस जरा."